इंडक्शन गुणगुणतं कशानं?

इंडक्शन शेगडी दुरुस्तीला येते तेव्हा पुष्कळदा तिला झालेलं काहीच नसतं. "चालतीय चांगली, पण सारखी गुणगुणतीय वो. फुटायची तर न्हाई न्हवं?" असं विचारत माणसं ती पिशवीतनं काढून माझ्या टेबलावर ठेवतात. मी तिच्यावर माझ्याकडचं जाड बुडाचं पातेलं ठेवतो, तांब्याभर पाणी ओततो आणि बटण दाबतो. आवाज जवळजवळ गायब. आवाज करणारी वस्तू घरीच राहिलेली असते आणि बिचारी शेगडी सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत हेलपाटा मारून आलेली असते.

इंडक्शनच्या आवाजाचं कोडं सोडवायचं तर आधी आवाजाचा धनी शोधायला हवा. संशयित मोजकेच आहेत: वरचं भांडं, काचेखालची कॉइल, आतला पंखा, भांड्यातलं पाणी आणि भिंतीतला सॉकेट. यातल्या चौघांचा आवाज बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पाचव्याचा नसतो, आणि नेमकं त्याच्याकडेच कुणी कान देत नाही.

काचेखाली काय चालतं

गॅसवर ज्योत भांड्याला तापवते. इंडक्शनमध्ये शेगडी स्वतः तापवायचं काम करतच नाही. उष्णता थेट भांड्याच्या बुडात तयार होते. काच गरम लागते ती भांड्यानं तापवलेली असते म्हणून. काचेखाली तांब्याच्या तारेची गोल गुंडाळलेली, मध्ये मोकळी जागा सोडलेली कॉइल असते. ती एका जाड तारेची नसून अगदी बारीक, एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या अनेक तारांचा पीळ असतो. तिच्या खाली फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. शेगडी आधी तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज करते, पण ही डीसी सपाट नसते. ती सेकंदाला १०० वेळा शून्यापासून चढते आणि परत शून्याकडे उतरते. इतर बऱ्याच उपकरणांत एक मोठा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) हे चढउतार बुजवून टाकतो. एका कॉइलच्या साध्या घरगुती शेगडीत मात्र हा कपॅसिटर मुद्दाम लहान, पाचेक मायक्रोफॅरडचा ठेवतात. त्यामुळे चढउतार तसेच पुढे जातात. हा १०० चा आकडा जरा ध्यानात ठेवा. निम्मी गोष्ट त्याच्यातच आहे.

पुढे आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच ही वीज सेकंदाला साधारण २० ते ४० हजार वेळा चालू-बंद करून कॉइलमध्ये सोडतो. कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगानं उलटसुलट होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या धातूत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं होतं. धातूच्या अखंड तुकड्यात गोल गोल फिरणारे असे भोवरी प्रवाह त्या तुकड्याला तापवतात, हे लेओं फूको यांनी १८५५ मध्ये. आपल्या ओट्यावरचा दोन-अडीच हजारांचा डबा या दोघांच्या जिवावर चालतो.

आता माणसाच्या कानाला २० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तितकी आवर्तनं) २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. शेगडीचं काम तर त्याच्या वर चालतं. मग ऐकू काहीच यायला नको. येतं, कारण तो मघाचा १०० चा आकडा.

कॉइलचं क्षेत्र आणि बुडातले प्रवाह एकमेकांना सतत खेचत-ढकलत असतात. शेगडी २५ हजारांवर चालत असेल तर हे धक्के सेकंदाला ५० हजार बसतात, कानाच्या कितीतरी पलीकडे. पण त्या धक्क्यांचा जोर सारखा नसतो. वीज चढली की जोर वाढतो, उतरली की कमी होतो, आणि हे सेकंदाला १०० वेळा घडतं. बूड एकेका धक्क्याला नाही, तर जोराच्या या चढउताराला दाद देतं आणि १०० हर्ट्झला थरथरतं. सोबत २००, ३००, ४०० असे त्याच्या पटीतले सूरही निघतात. ज्याला आपण "गुणगुण" म्हणतो ती ही.

तंबोरे-सतारी बनवणारं मिरज इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून तंबोऱ्याच्या भाषेत सांगतो. काळी एक किंवा पांढरी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची पहिली, मंद्र पंचमाची तार ९८ ते १०४ हर्ट्झच्या दरम्यान वाजते. शेगडीची गुणगुण जवळपास त्याच जागी पडते. कान तयार असलेल्या माणसाला ती जास्त का खटकते, तेही यातनं कळतं: ती सुरात असली तर असते, नाहीतर किंचित उतरलेली किंवा चढलेली.

आणखी एक कारण आहे. लोखंडाला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याची लांबी अगदी किंचित, दहा लाखांत काही भागांनी, बदलते. जेम्स जूल यांनी हे १८४२ मध्ये टिपलं. बदल एवढासा असला तरी तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा झाला की धातू बोलू लागतो. गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) रात्री शांततेत घुमत असते, ती याचमुळे. तिचाही सूर १०० हर्ट्झचाच. फरक एवढाच की डीपी ५० हर्ट्झवर चालते आणि शेगडी त्या ५० हर्ट्झचा वारसा आत घेऊन २५ हजारांवर.

भांड्याची गोष्ट

गुणगुण सगळ्याच भांड्यांत तयार होते. ती ऐकू किती येते हे भांडं ठरवतं.

बिडाचा तवा ठेवून बघा. जड, एकसंध, एकाच धातूचा. त्याला हलवायला जोर लागतो आणि त्याच्यात एकमेकांवर आपटायला दुसरा थरच नाही. तो बहुधा गप्प राहतो. (तळ ओबडधोबड असेल तर काचेवर सरकवू मात्र नका, ओरखडे पडतात.) याउलट पातळ पत्र्याचं स्टीलचं पातेलं, ज्याच्या बुडाला "इंडक्शन बॉटम" म्हणून नंतर काहीतरी जोडलंय, ते सगळ्यात मोठ्यांदा बोलतं.

कारण असं. चांगल्या स्टेनलेस स्टीलला, म्हणजे ३०४ जातीच्या, चुंबक जवळपास चिकटतच नाही. अॅल्युमिनियम, हिंडालियम, तांबं, पितळ यांनाही नाही. म्हणून इंडक्शनचं भांडं करताना बाहेरून चुंबकाला धरणाऱ्या स्टीलचा, बहुतेक वेळा ४३० जातीचा, थर देतात. मध्ये उष्णता पसरवायला अॅल्युमिनियम आणि आत अन्नाला लागणारं स्टील. तीन थर एकमेकांवर दाबून पक्के बसवलेले असतील तर बूड एकजीव वागतं. पण दाब कमी पडला, किंवा वर्षानुवर्षं तापून-गार होऊन एखाद्या ठिकाणी थर सुटला, की दोन पत्र्यांमध्ये केसभर फट तयार होते. मग ते दोन्ही सेकंदाला १०० वेळा एकमेकांवर आपटत राहतात. गुणगुणीची जागा कर्कश खरखर घेते.

थर सुटण्याला अॅल्युमिनियमही हातभार लावतं. तापल्यावर ते या चुंबकी स्टीलच्या दुपटीपेक्षा थोडं जास्त पसरतं. रोज दोन वेळा तापायचं, त्यात कुणीतरी गरम पातेलं तसंच नळाखाली धरायचं, चर्र करून वाफ उडवायची. असं भांडं पाच वर्षांनी आवाज करायला लागलं तर त्याची चूक म्हणता येत नाही.

स्वस्त कुकरच्या बुडाकडे कधी निरखून बघितलंय? अॅल्युमिनियमचा कुकर, आणि खाली बारीक भोकं असलेली स्टीलची चकती दाबून बसवलेली. भोकांतनं अॅल्युमिनियम वर आलेलं असतं आणि तेच त्या चकतीला पकडून ठेवतं. नवीन असताना पकड घट्ट असते. एका काकूंनी आणलेल्या कुकरच्या चकतीखाली, कडेला, चक्क नखाचं टोक जात होतं. त्या फटीत आमटीचा थर जळून काळा झाला होता. १८०० वॅटवर तो कुकर शिट्टी होण्याच्या आधीच इतका ओरडायचा की शेजारच्या खोलीतलं पोर उठायचं. हाच कुकर १००० वॅटवर ठेवला तेव्हा आवाज निम्म्याहून खाली आला, कारण धक्क्यांचा जोरच कमी झाला. त्यांना मी नवीन शेगडी नको, नवीन कुकर घ्या म्हणून सांगितलं. दुकानदारानं नवीन शेगडी विकायचं सोडून असं सांगितलं म्हणून त्यांना जास्त संशय आला, तो भाग वेगळा.

बूड वाकलं असेल तरी आवाज वाढतो. ओट्यावर भांडं उपडं करा, बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि खालनं उजेड दिसतो का बघा. बूड मध्ये बाहेरच्या बाजूला फुगलं असेल तर भांडं काचेवर डुलतं आणि थरथरण्याला टेकू मिळत नाही. रिकामं भांडं चालू करून फोडणीची तयारी करत बसायची सवय असलेल्यांच्या घरात अशी बुडं हमखास सापडतात. इंडक्शनवर रिकामं बूड बघता बघता प्रचंड तापतं.

भांड्यात किती काय आहे त्यानंही फरक पडतो. पातेलं भरलेलं असलं की पाण्याचं वजन आणि पाणी स्वतः कंप शोषून घेतं. अर्धा लिटर दूध मोठ्या पातेल्यात १६०० वर ठेवलं तर ते गाणारच. झाकण, सैल झालेला कान, खिळा ढिला पडलेली मूठ, यांचाही वाटा असतो. झाकणावर नुसतं बोट टेकवा. आवाज थांबला तर दोषी सापडला.

काही जण यावर उपाय म्हणून काच आणि भांडं यांच्यामध्ये वर्तमानपत्र किंवा फडकं घालतात. ते करू नका. काचेखाली कॉइलच्या मध्यभागी तापमान मोजणारा सेन्सर काचेला चिकटून बसवलेला असतो, आणि मधे कापड आलं की त्याला भांड्याचं खरं तापमान कळत नाही. त्यातच तव्याचं बूड तेल तापवताना २०० अंशांच्या पुढं सहज जातं. कागद करपायला एवढं पुरतं. आवाज चालेल, धूर नको.

भांडं घ्यायला गेलात तर चुंबक खिशात न्या, एवढं सगळ्यांना माहीत झालंय. त्यापुढची पायरी कुणी करत नाही. भांडं काठाला धरून अधांतरी लटकवा आणि बुडावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. एकजीव बूड "टण्ण" असा स्वच्छ, लांबणारा किंवा "ठक्" असा भरीव आवाज देतं. थर सुटलेलं बूड "पट्" असं बद्द वाजतं किंवा टिचकीनंतर बारीक झणझणतं. मारुती रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात मी असं करताना बघून दुकानदार हसतात, पण भांडं बदलूनही देतात.

बारीक शिट्टी

गुणगुण खर्जातली. दुसरा प्रकार असतो उंच, सुईसारखा टोचणारा. नातवाला ऐकू येतो, आजीला येत नाही, आणि मग घरात कोण खोटं बोलतंय यावर वाद. दोघंही खरं बोलत असतात. लहान मुलांचे कान २० हजारांच्या जवळपास जातात. वय वाढतं तशी वरची टोकं पहिल्यांदा गळतात. पॉवर वाढवली की बहुतेक शेगड्या चालू-बंद होण्याचा वेग कमी करतात, म्हणजे २० हजारांच्या सीमेकडे खाली सरकतात. त्यामुळे पूर्ण पॉवरवर कमी वयाच्या कानाला काठावरचं काहीतरी ऐकू येऊ शकतं. मांजराला तर ६० हजारांच्या आसपासचंही ऐकू येतं. तुमची मनी इंडक्शन लावल्यावर ओट्यावरनं उठून जात असेल तर तिला तुमची रेसिपी आवडत नाही असं समजू नका.

पण सगळ्या घराला ऐकू येणारी शिट्टी निघत असेल तर बघा, दोन कॉइल एकदम चालू आहेत का. दोन चुलींची शेगडी, किंवा एकमेकींना खेटून ठेवलेल्या दोन वेगळ्या शेगड्या. समजा एक २४ हजारांवर चालतेय आणि दुसरी साडेपंचवीस हजारांवर. दोन्ही आपापल्या परीनं मुक्या. पण दोघींची क्षेत्रं एकाच काचेवर, एकाच भांड्याच्या बुडात मिसळतात, आणि बल हे क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्या मिश्रणातनं दोघींच्या वेगातला फरक वेगळा होऊन बाहेर पडतो. साडेपंचवीस वजा चोवीस, म्हणजे १५०० हर्ट्झ. ही मात्र स्वच्छ ऐकू येणारी शिट्टी.

तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना हाच फरक कारागीर ऐकत असतो. एक तार १३८ वर, दुसरी १४० वर असेल तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. तो डोल मंदावत मंदावत नाहीसा झाला की तारा मिळाल्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत खुंटी पिळणारी बोटं दोन हर्ट्झचा फरक पकडतात. शेगडीतला फरक दोन हर्ट्झचा नसून हजार-दीड हजारांचा असतो, म्हणून डोल न ऐकू येता सरळ सूरच ऐकू येतो.

इथंही उपाय तारा मिळवण्याचाच. दोन्ही चुली एकाच पॉवरवर आणून बघा. किंवा भांडी अदलाबदल करा. भांडं बदललं की शेगडीचा वेगही बदलतो. वेगळ्या शेगड्या असतील तर त्यांच्यात वीतभर अंतर ठेवा. महागातल्या बऱ्याच शेगड्या दोन्ही कॉइल एकाच वेगावर बांधून ठेवतात, त्यामुळे त्यांच्यात ही कटकट कमी असते.

टक... टक...

मंद आचेवर आमटी ठेवली की काही सेकंदांनी टक, मग थोडा वेळ शांत, पुन्हा टक आणि गुणगुण. हा बिघाड नाही, काटकसर आहे. साध्या शेगडीला खरोखरची मंद आच जमतच नाही. पॉवर एका मर्यादेच्या खाली नेली की आतला आयजीबीटी नको इतका तापायला लागतो. मग शेगडी पडद्यावर ३०० दाखवते, पण प्रत्यक्षात हजारेक वॅट काही सेकंद देते आणि उरलेला वेळ गप्प बसते. सरासरी ३०० ची. दर वेळी पुन्हा चालू होताना बुडाला एकदम धक्का बसतो, तो टक.

याचा पत्ता दुधाला सगळ्यात आधी लागतो. मंद आचेवर ठेवलेलं दूध मधेच उसळी मारून वर येतं, परत बसतं, आणि आपण पाठ फिरवली की पुढच्या उसळीला ओट्यावर. खीर, बासुंदी असलं काही आटवायचं असेल तर जाड बुडाचं भांडं घ्या. जाड बूड उष्णता साठवून ठेवतं आणि मधल्या रिकाम्या वेळेला पुरवतं.

भांडं उचललं तरी टकटक सुरू होते. शेगडी दर एक-दोन सेकंदांनी कॉइलमध्ये छोटासा प्रवाह सोडून वर भांडं आलंय का याची चाचपणी करते, सोबत बीप बीप. थोडा वेळ वाट बघून बंद होते. स्टीलचा चमचा काचेवर ठेवून ती फसते का हे पोरं बघतात; बहुतेक शेगड्या एवढ्याशा धातूला भुलत नाहीत.

पंख्याचा आवाज

बटण दाबल्या दाबल्या येणारी आणि पॉवर कमी-जास्त केली तरी फारशी न बदलणारी हवेची घरघर पंख्याची. आयजीबीटी ज्या अॅल्युमिनियमच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखुड्यांवर बसवलेला असतो त्यांना आणि कॉइलला तो गार ठेवतो. हवा खालच्या किंवा मागच्या जाळीतनं आत येते. शेगडी प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवली की कापड वर ओढलं जाऊन जाळी झाकली जाते. पंखा जोरात ओरडतो, तरी आतलं तापमान चढतच जातं. शेगडी कोरड्या फरशीवर, चारी पाय टेकवून ठेवायची.

स्वयंपाक झाल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटं चालू राहतो. त्याला चालू राहू द्या. वीज वाचवायची म्हणून भिंतीवरचं बटण लगेच बंद करण्याची घाई बऱ्याच घरांत असते. त्या पंख्याला लागणारी वीज नगण्य आहे, आणि आत अडकलेली उष्णता आयुष्य कमी करते ती महागड्या भागाचं.

पंख्याचा आवाज हळूहळू बदलत गेला, सळसळीचा खरखर झाला, की तो स्वच्छता मागतोय. तेलकट वाफ आणि धूळ पात्यांवर बसते. मार्केट यार्डाच्या बाजूच्या एका घरातली शेगडी उघडली तेव्हा पंख्याची पाती पिवळीधमक होती. आजूबाजूला हळदीची गोदामं, हवेत तिची भुकटी, त्यावर घरातल्या तळणाचं तेल. पात्यांच्या कडांना मिशीसारखे पिवळे तंतू आले होते आणि एका बाजूला थर जास्त असल्यामुळे पंखा हेलकावत फिरत होता. ब्रशनं साफ करायला फार वेळ लागला नाही. २०१९ च्या महापुरानंतर आलेल्या काही शेगड्यांत तर कृष्णेचा गाळ पंख्याच्या आसापर्यंत पोचला होता. नुसतं वाळवून त्या चालू करणं धोक्याचंच. झुरळांना ऊब आवडते, तेव्हा तीही असतातच.

सगळ्यात वाईट म्हणजे पंखा गप्प होणं. शेगडी चालू आहे, भांडं तापतंय, पण हवेचा आवाजच नाही. घरातल्यांना आधी बरं वाटतं, "शांत झाली बाई एकदाची". मग ती थोड्या वेळात स्वतःहून बंद पडायला लागते, कोड दाखवते (प्रत्येक कंपनीचा वेगळा, पुस्तिकेत बघा), आणि तरीही रेटली तर एक दिवस "फट्" होऊन घरातला एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडतो. तो आयजीबीटी गेल्याचा आवाज. पंख्याची किंमत आणि त्या बोर्डाची किंमत यांत फार अंतर आहे, म्हणून शांत शेगडीला जास्त घाबरावं.

पाण्याचंही थोडं

चहाचं आधण ठेवल्यावर उकळी येण्याआधी जो "सूंऽऽ" असा आवाज वाढत जातो आणि उकळी आल्यावर मऊ होतो, त्याचा शेगडीशी संबंध नाही. बुडाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वरच्या कमी गरम पाण्यात जातात आणि तिथं मिटतात. हजारो बुडबुडे मिटण्याचा तो आवाज. सगळं पाणी तापलं की ते न मिटता वर येतात. इंडक्शन बुडाला झटकन तापवतं म्हणून हा आवाज गॅसपेक्षा लवकर आणि मोठा येतो. पातळ बुडाच्या पातेल्यात वरून बघा, पहिले बुडबुडे गोल कड्याच्या आकारात उठतात. मध्ये रिकामं, कडेला रिकामं. खालच्या कॉइलचा नकाशाच पाण्यात उमटतो.

ज्याला घाबरायचं तो आवाज

शेगडीपासून कान काढून भिंतीकडे न्या. प्लगजवळ बारीक "चर्र" किंवा "तडतड" ऐकू येतेय? ताबडतोब बंद करा, हात कोरडा आहे याची खात्री करून मगच.

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साडेआठ अँपिअरच्या वर प्रवाह ओढते, १८०० वॅटची जवळपास आठ. ओट्यावरचा मिक्सरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा. तरी मोठ्या प्लगला बाजारातला जोडप्लग लावून ती त्यातच बसवलेली असते, कारण मोठा सॉकेट फ्रिजमागं आहे. अर्धा तास भात-आमटी, त्यानंतर भाकरी. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी तापते, तिचा ताण जातो, प्लगची पिन सैल बसते, आणि सैल जागी ठिणगी उडायला लागते. ती चर्र. ठिणगीनं पिन काळी पडते, काळ्या पिनेतनं प्रवाह नीट जात नाही, म्हणून आणखी तापते. एकदा सुरू झालेलं हे चक्र आपणहून थांबत नाही. जळक्या प्लास्टिकचा, थोडा मासळीसारखा वास येऊ लागला की उशीर झालेला असतो.

स्वयंपाक झाल्यावर प्लग काढला की पिनांना लगेच हात न लावता आधी प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला लावून बघा. कोमट ठीक. चटका बसत असेल तर शेगडी त्या सॉकेटवर पुन्हा लावू नका. काचेतनं "कट्" असा आवाज येऊन बारीक रेघ दिसली तरीही तेच; रेघेतनं उतू गेलेलं दूध थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या भागांपर्यंत पोचतं. आणि आवाज कुठला हे शोधायला शेगडी स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ भरलेले असतात.

इलेक्ट्रिशियनला बोलावाल तेव्हा "इंडक्शनसाठी पॉइंट पायजे" एवढंच सांगू नका, नाहीतर तो जुन्याच वायरवर नवा सॉकेट ठोकून जाईल. १६ अँपिअरचा सॉकेट, मेन बोर्डापासून वेगळी ओढलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यासाठी स्वतंत्र एमसीबी आणि चालू स्थितीतलं अर्थिंग, हे चार शब्द वापरून मागा. काम झाल्यावर शेगडी पूर्ण पॉवरवर पाणी भरलेलं पातेलं ठेवून पंधरा मिनिटं चालवायची, आणि तो माणूस घरात असतानाच प्लगला हात लावून बघायचा.